शेवंताबाईंचं गाणं आणि सातवं कलम

एकवीस लोकेशन-करार, सदतीस कलाकारांची संमतीपत्रं, बैलजोडी भाड्यानं घेतल्याचा करारसुद्धा... एका सिनेमासाठी हे सगळं मी स्वतः लिहिलंय, दोन बोटांनी टाइप करून. सनद घेऊन यवतमाळच्या कोर्टात उभा राहिलो, पण सिनेमाचा कायदा मला कोणी शिकवला नाही. तो मीच शिकलो.

सिनेमा फिरोजचा. तो घाटंजीच्या एका मेकॅनिकचा मुलगा. सिनेमासाठी तीन वर्षं खपला, आणि शेवटी मुंबईची एक कंपनी सिनेमा घ्यायला तयार झाली. फक्त सिनेमातल्या एका गाण्याच्या करारावर कापूस वेचणाऱ्या शेवंताबाईंची सही हवी होती. कापूस वेचताना म्हणायचं ते गाणं त्यांनी स्वतः रचलेलं...

हा करार मात्र कंपनीनं पाठवलेला. मी तीनदा वाचला, ठीक वाटला.

माझी एक पद्धत आहे. करार वऱ्हाडीत मोठ्यानं वाचायचा, आणि समोरच्यानं तो आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय सही घ्यायची नाही. फिरोज याला 'काकांची तोंडी परीक्षा' म्हणतो.

गेल्या महिन्यात शेवंताबाईंच्या अंगणात बसून वाचलं. सातवं कलम आलं... गाण्याचे सगळे हक्क कायमचे कंपनीचे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मंग वकीलसाहेब, नातीच्या लग्नात म्या हे गानं म्हनाचं असन, तं या कंपनीले इचारा लागन काय?"

 कागदाप्रमाणे उत्तर 'हो' होतं, आणि तीनदा वाचून मला ते दिसलं नव्हतं.

सही न घेताच उठलो. हे कलम बदलून घ्यायचं, असं गाडीत सांगितल्यावर फिरोज भडकला. "काका, एका कलमासाठी माह्या पिक्चरले कायले मारून राह्यले?" त्याचंही खरं होतं. कंपनी मागे फिरली असती, तर तीन वर्षं हार्डडिस्कमध्येच पडून राहिली असती.

दोन दिवस त्यानं फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आला, उभ्या उभ्या म्हणाला, "पाठवा तुमचं कलम. मले बी त्या बाईच्या गावात पिक्चर दाखवाचा हाय."

मी सातवं कलम नव्यानं लिहिलं. गाणं शेवंताबाईंचंच. कंपनीला ते फक्त या सिनेमापुरतं वापरता येईल, आणि पडद्यावर गीतकार म्हणून त्यांचं नाव येईल.

अकरा दिवस काहीच उत्तर नाही... मग मेल आला, 'मान्य.' काल शेवंताबाईंनी सगळा करार मला परत सांगितला, एकही मुद्दा न चुकता, आणि मग सही केली. मला मात्र माझ्याच परीक्षेत त्यांनी आधीच नापास केलं होतं. त्यांचे आभार.

एक सांगायचं राहिलं. त्या अकरा दिवसांत कंपनीच्या एका माणसाचा फोन आला होता. जुन्याच कागदावर सही घ्या, वाचून दाखवू नका, तुमचं वेगळं बघतो म्हणाला. या सिनेमाची माझी सगळी फी नऊ हजार. तो देत होता चाळीस हजार. मी नाही म्हटलं.