शिवेवरची सतरंजी

“चेअरमन, सतरंजी जरा तिकडं वढा. आमचं गाव ह्या बांधापाशीच संपतंय.”

मी वही उघडून बसत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी हे म्हणालं. मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण सत्तरीतले चेअरमन लगेच गुडघ्यांवर बसले आणि सतरंजी वीतभर पलीकडे ओढली. आता वरच्या गावची आणि खालच्या गावची शीव तिच्या बरोबर मधोमध आली. दोन्हीकडचे लोक आपापल्या हद्दीत बसले.

केज तालुक्यातल्या पाच गावांनी मिळून एक विकास आराखडा करायचा होता, आणि त्यातली मोठी दोन गावं एकमेकांच्या पारावर पाय ठेवत नव्हती. “आमी त्यांच्यात कावून जायाचं?” हा प्रश्न दोन्हीकडून अगदी सारख्याच स्वरात यायचा. चेअरमननी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे ही सतरंजी. चहाही दोन्ही गावांतून यायचा. एकाचा घेऊन दुसऱ्याचा टाळला तर अपमान, म्हणून प्रत्येकाला दोन कप प्यावे लागत. दुष्काळातल्या एप्रिलमध्येही, बाभळीच्या नसल्यासारख्या सावलीत.

ते कशाचे चेअरमन, हे मला महिनाभर कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. मी एका संस्थेतर्फे बैठकांचं इतिवृत्त लिहायला आले होते. ऐकायचं आणि लिहायचं, एवढंच काम मला झेपणारं होतं. नंतर कळलं की त्यांची दूध सोसायटी मागच्या एका दुष्काळात बुडाली होती. जनावरं गेली, दूध गेलं, पाटी गंजली. पद तेवढं राहिलं, आणि सोबत शिक्का. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. टँकरच्या अर्जावर, लग्नाच्या यादीवर, एकदा तर माझ्या रजेच्या अर्जावरही त्यांनी तो उमटवला. “शिक्का असला की कागद उडत न्हाई, म्याडम.” आता ते नाहीत. हे लिहिलेलं वाचलं असतं, तर त्यांनी आधी शिक्का मारला असता आणि मग ते रागावले असते.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, याचं त्यांना फार कौतुक. जनावरांची मोजणी चालू असताना कुणी “एकोणऐंशी” म्हणालं की माझं पेन थांबायचं. चेअरमनना ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ते वर बघत, कुणाला उद्देशून नाही असं दाखवत, मोठ्यानं म्हणायचे, “म्हंजी सेव्हंटी नाईन.” लोक हसले तर ते त्यांनाच झापायचे, “हसता काय बे? आकडा तालुक्याच्या सायबाला कळाय नको का?” मला वाचवण्याची त्यांची ही रीत मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

त्यांचं एक तत्त्व होतं: “कुणालाच न्हाई म्हणू नका. न्हाई म्हटलं की एकी मोडती.” हे ऐकायला फार छान वाटतं. त्यातून आराखडा कसा झाला, ते बघा. वरच्या गावानं वेशीवर कमान मागितली. लिवा. मग खालच्या गावानं मागितली. लिवा. उरलेल्या तिघांनी तरी काय पाप केलं होतं? पाच गावं, पाच कमानी, पाच सभामंडप आणि पाच व्यायामशाळा. चारा कुठून आणायचा आणि पाणी कुठे अडवायचं, हे शेवटच्या पानावर एका ओळीत मावलं, कारण त्यावरून कुणाचं भांडण नव्हतं. पाच याद्या एका टाचणीत अडकवल्या आणि आम्ही त्याला एकत्रित नियोजन म्हटलं. टाचणी संस्थेची होती.

अडलं ते दूध थंड करायच्या केंद्रावर. सगळे त्याला कूलर म्हणत. तो पाच गावांत मिळून एकच मंजूर होणार होता.

फाट्यालगत मेंढपाळांची वस्ती आहे. तिथल्या कौसाबाई पहाटे दोन म्हशींचं दूध काढून किटल्या घेऊन तालुक्याच्या गाडीपर्यंत चालत यायच्या. गाडीला उशीर झाला की दूध नासायचं. त्या बैठकीत उभ्या राहून म्हणाल्या, “फाट्यावर ठिवा की. पाची गावाला सारकंच लांब. बोअरला आजून पानी हाय, किटल्या धुवाय व्हतं. लाइटबी हाय.”

एवढा नेमका मुद्दा मी त्या आठ महिन्यांत दुसरा ऐकला नव्हता. सतरंजीवर मात्र दोन्ही गावांचं पहिल्यांदाच एकमत झालं. “म्हंजी आमी आता मेंढरामागं दूध घिऊन जायाचं का बे?” वरच्या गावचा एक जण म्हणाला, आणि खालचं गाव हसलं. चेअरमननी घसा साफ केला. “लिवा म्याडम: केंद्र योग्य जागी उभारावे.”

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

महिन्यानं कागद तालुक्याहून परत आला. ‘योग्य जागा’ म्हणजे कोणती, ते कळवावे. तोवर ऊन आणखी चढलं होतं, आणि दोनदा किटलीभर दूध ओढ्यात ओतून कौसाबाईंनी एक म्हैस विकली होती. फाट्यावर त्या मला भेटल्या. तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, “ताई, म्या बोलले ते लिवलं का तुमी?”

मी मान हलवली. होय आणि नाही, दोन्ही वाटेल अशी. असं मान हलवणं मी चेअरमनकडूनच शिकले होते.

शेवटच्या बैठकीला तालुक्याहून साहेब येणार होते. जागा ठरली नाही तर कूलर दुसऱ्या भागाला जाणार, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. चेअरमन तापलेल्या लुनावरून पाचही गावं फिरले, रुसलेल्यांना घरातून उठवून आणलं, एकाला तर न्हाणीच्या दारातून. एवढी माणसं एका जागी त्यांच्याशिवाय कुणीच जमवली नसती. जमलेल्या माणसांचं पुढे काय करायचं, ते मात्र त्यांना कधीच उमगलं नाही.

साहेबांनी विचारलं, “जागा ठरली?”

“ठरल्यासारखीच हाय, साहेब,” चेअरमन म्हणाले. कौसाबाई सगळ्यात मागे उन्हात बसल्या होत्या. वरचं गाव वर बघत होतं, खालचं गाव खाली. चेअरमन माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तीच माया होती, एकोणऐंशीच्या वेळची. “लिवा म्याडम. मागच्यासारखंच लिवा.”

मी पेनाचं टोपण लावलं. आठ महिन्यांत ‘इथे सही करा’ याखेरीज मी बैठकीत काही बोललेच नव्हते. मग टोपण पुन्हा काढलं.

“नाही, चेअरमन. मागच्या वेळी कौसाबाई जे बोलल्या, ते मी लिहिलंच नव्हतं, ही माझी चूक. आज मी ‘फाट्यावर’ असं लिहितेय. ज्यांना ते नको असेल, त्यांनी उभं राहून कारण सांगावं. कारण आणि नाव, दोन्ही लिहून घेते.”