चार दाती

"तोंड उघड," मालक म्हनला. मी उघडलं. त्यानं माझा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला आन् बाजारात वय ताडायला बैलाचे बघत्यात तसे माझे दात बघितले. गाडीचा डबा भरलेला. सगळे बघायलेत.

"चार दाती हाय," तो टीसीला म्हनला. "बाई झाली. पुरं तिकीट घ्या."

लोक हसले. अंगठा त्यानं माझ्याच पदराला पुसला.

मला अकरावं चालू व्हतं. अंग उफाड्याचं, परकर पुरंना, म्हनून मायनं तिचं जुनं लुगडं नेसवलेलं. निजामाचं राज जाऊन दोन-तीन वर्षं झाली व्हती. जवारी काढताना मायच्या डोळ्याला पातं कापून गेलं, डोळा सुजून बंद झाला. पूर्णेला डोळ्याचा डाक्टर येणार म्हनून आमी पिंगळीला गाडीत बसलो. मायनं तिचं पुरं तिकीट काढलं, माझं अर्धं. उरलेले पैसे डाक्टरसाठी पदराच्या गाठीला.

टीसीनं मला वरून खाली बघितलं. ही अर्धी कशी म्हनला, हिला लेकरं असतील. माय म्हनली, सायब, पोर हाय, अजून बाराची न्हाई. कागद दाखव म्हनला. आमच्याकडं कुठला कागद? आमच्यात जनम सांगायचा तो कुठल्या साली बैल मेला त्याच्यावरून.

तेवढ्यात मायला खिडकीपाशी मालक दिसला. त्याच्याच वावरात आमी दोघी राबायचो. मायचा जीव भांड्यात पडला.

"सायब, ह्यांना इचारा," ती म्हनली. "पोर हाय म्हनून तर हिला अर्धं माप देत्यात."

खरंच व्हतं ते. सांजच्याला बायांना दोन शेर जवारी, मला एक. मी मायच्या बरोबरीनं पेंढ्या बांधायचे, तरी एकच. पन माय ते चारचौघांत बोलली, तिथं चुकली. लोक मालकाकडं बघायला लागले. त्याचं तोंड उतरलं. मंग तो उठून माझ्यापुढं आला आन् त्यानं माझे दात बघितले. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

टीसीनं मायला गाठ सोडायला लावली. पुरं तिकीट, वरून दंड. पूर्णेला उतरलो तवा डाक्टरला द्यायला काई न्हव्हतं. दवाखान्याच्या वट्ट्यावर घडीभर बसलो. मंग रुळाच्या कडंनं चालत माघारी आलो. माय डोळ्यावर हात धरून चालायली. मला राग आला न्हाई, रडू आलं न्हाई. तोंडात मालकाच्या अंगठ्यावरच्या तंबाखूची चव व्हती, तेवढंच कळत व्हतं. मायचा तो डोळा पुढं कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी आमी कामावर गेलो. न जाऊन कसं भागंल? दिवसभर पेंढ्या बांधल्या. सांजच्याला मालकानं माझ्या पदरात एक शेर जवारी वतली. मी पदर सोडून दिला. जवारी भुईवर सांडली.

"काल डब्यात तुमीच म्हनले, बाई झाली," मी म्हनले. "बाईचं माप घाला."

मालक म्हनला, उद्यापासून दोघी बी येऊ नका.

माय खाली बसली आन् एका डोळ्यानं मातीतले दाने येचायला लागली. मालकाचे पाय धर म्हनली मला. मी तिचा दंड धरला आन् तिला उठवलं. तिच्या मुठीतले दाने बी खाली टाकायला लावले.

त्यानंतर आमाला उपास पडले. लय पडले. माय मला शिव्या द्यायची, मी ऐकून घ्यायचे. पन तवापासून कुणाच्या बी वावरात पाय टाकायच्या आधी मी माप इचारते. पुरं असंल तर वाकते. अर्धं असंल तर मालकानं सोता वाकावं.