रंगाचा डबा

कुश्तोदियू रमाल्यूच्या हातात कुऱ्हाड असली की त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नसे. कोरूश गावाच्या पलीकडच्या टेकड्यांवर बाटल्यांच्या बुचांसाठी झाडांची साल काढणाऱ्या टोळ्या पुष्कळ होत्या, पण ती जाड साल कुठेही न तुटता, माणसाच्या उंचीच्या अखंड फळीत उतरवणारा हात एकट्या कुश्तोदियूचा. हे तो स्वतःच सांगायचा, आणि खोटं नव्हतं म्हणून लोकांना ऐकून घ्यावं लागायचं.

चाळिशी उलटल्यावर या गृहस्थाने एकच ध्यास घेतला. मुकादम व्हायचं आणि मालकीण दोना एर्मेलिंदांच्या मळ्यातला मोठा उतार एका मोसमात पुरा करून दाखवायचा. उतारावर झाडं तीनशेच्या वर. पंधरा ऑगस्टला गावात मारियामातेची जत्रा असते आणि तिच्यानंतर साल खोडाला घट्ट धरते. तोवर ती सगळी झाडं आजपर्यंत कुठल्याच टोळीला उरकली नव्हती. बायकोने हौसेने सार्डिन मासे भाजावेत, तर हा ते गार होईपर्यंत टेबलावर पावाचे तुकडे मांडून कुठल्या झाडाला कुठली जोडी लावायची ते ठरवत बसे.

अखेर टोळीचे म्हातारे मुकादम बाल्ताझारकाका यांचे गुडघे गेले. त्यांनी कुश्तोदियूला बोलावून त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश ठेवला. साल उतरली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा झाडावर रंगवतात, म्हणजे पुढची नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावत नाही. आकडा घालण्याचा मान मुकादमाचा.

"आणि कुऱ्हाड?" कुश्तोदियूने विचारलं.

"ती घरी ठेव, लेका. मुकादमाला कान पुरतात."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. अख्ख्या मुलखातला पहिला हात, आणि त्याने रंग फासत हिंडायचं? काकांपुढे मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गडी डब्याबरोबर कुऱ्हाड घेऊन उतारावर हजर झाला.

झाडाला दोघांची जोडी असते. एखादी जोडी जरा रेंगाळली की कुश्तोदियू "आण इकडे" म्हणून कुऱ्हाड ओढून घ्यायचा आणि चार घावांत काम उरकून पुढे निघायचा. त्याला वाटे, आपण टोळीला खेचतोय. झालं भलतंच. जुलै संपेपर्यंत जाणती माणसंसुद्धा अवघड झाडापाशी आली की कुऱ्हाड टेकवून त्याची वाट बघू लागली. करायचंय काय, तो येतोच आहे!

एक ग्रासिंदा तेवढी वाट बघत नसे. बारा वर्षं गावच्या कॅफेत कॉफी ओतून कंटाळलेल्या या बाईचं टोळीत हे तिसरं वर्ष होतं. हात बेताचाच, पण कान तयार. कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ती खोडावर ठोकायची आणि आवाजावरून साल सुटलीय की नाही ते सांगायची. सुटली असेल तर झाड 'देतंय', नसेल तर 'देत नाही', एवढीच त्यांची भाषा.

अकरा ऑगस्टला बेचाळीस झाडं उरली होती. दोन दिवस पूर्वेचा गरम, कोरडा वारा सुटला होता, आणि असल्या वाऱ्यात साल खोडाला धरून बसते. वाटेला लागूनच्या सगळ्यांत जुन्या झाडावर ग्रासिंदाने दोनदा ठोकलं आणि कुऱ्हाड खाली घेतली.

"हे देत नाही, मुकादम. वारा पडेपर्यंत थांबू या."

"पंधरा तारीख थांबणार आहे का तुझ्यासाठी? आण इकडे."

त्याने तिचीच कुऱ्हाड हिसकावली. दोन घाव घातले, दांड्याचं टोक फटीत घातलं आणि सगळा भार टाकून ओढलं. कापड फाटल्यासारखा आवाज झाला. सालीबरोबर आतला कोवळा थरही सोलून आला. त्या थराला तिथे 'आई' म्हणतात. नवी साल तिच्यातून येते, आणि आई गेली तिथे पुन्हा काही उगवत नाही. हातभर रुंदीचं पांढरं लाकूड उघडं पडलं.

झाडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बघत होते ग्रासिंदाकडे, कारण कुऱ्हाड तिची होती. असल्या एका जखमेपायी टोळीच्या टोळी मळ्यातून हाकलून दिलेली त्यांनी पाहिली होती.

दुपारी मालकीणबाई जीपमधून उतरल्या आणि त्या झाडापाशी थबकल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुऱ्हाड कुणाची?"

एक नाव घेतलं की कुश्तोदियू सुटला असता. मुकादमकी राहिली असती, उरलेल्या दिवसांत रेटून उतारही पुरा झाला असता. आणि ते नाव जिभेवर आलंही होतं, हे पुढे त्याने स्वतःच बायकोला सांगितलं.

"कुऱ्हाड ग्रासिंदाची," तो म्हणाला. "हात माझा. ती नको म्हणत होती." मग उरलेल्या झाडांकडे हात करून म्हणाला, "आणि बाई, उतार यंदा पुरा होणार नाही."

"पुढच्या वर्षी टोळी कुणाची ते हिवाळ्यात कळवीन," एवढं बोलून बाई गेल्या.

त्याने ग्रासिंदाची कुऱ्हाड तिला परत दिली, स्वतःची गाडीत टाकली आणि रंगाचा डबा उचलला. त्या झाडावर त्या वर्षाचा, पाचाचा आकडा त्याने जखमेला अगदी चिकटून, वाटेवरून येताजाता दिसेल असा घातला. मग ग्रासिंदाला पुढे चालायला सांगितलं. तिने उरलेली एक्केचाळीस झाडं ठोकून पाहिली. सात देत होती. चौतीस तशीच राहिली, आणि जत्रेत ज्याने त्याने त्याला त्यावरून डिवचून घेतलं.

तो हिवाळा त्याला फार जड गेला. जानेवारीत दोन ओळींचं पत्र आलं: टोळी तीच, मुकादम तोच. त्या उन्हाळ्यात राहिलेल्या चौतीस झाडांवर सहाचा आकडा पडला. आता झाडांच्या पाळ्या दोन वर्षांत विभागल्या, त्यामुळे उतार एका मोसमात कुणालाच पुरा करता येणार नव्हता, त्यालाही नाही. याचं त्याला वाईट वाटलंच, पण त्याने कुऱ्हाड काही घरून आणली नाही. हात खिशात घालून तो झाडांमधून फिरायचा आणि कुणी अडलं की विचारायचा, "तुला काय वाटतं?" हात बाहेर यायला बघत, ही गोष्ट वेगळी.

नऊ वर्षांनी पाचाचा आकडा असलेल्या झाडांची पाळी फिरून आली, त्या वर्षी त्याने डबा ग्रासिंदाच्या हातात दिला आणि पुन्हा कुऱ्हाड धरली. टोळी त्या जुन्या झाडापाशी आली. जखम करडी पडली होती, कडा आत वळल्या होत्या. बाकीच्या अंगावर साल भरली होती. या झाडाची तो नऊ वर्षं वाट बघत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रासिंदाने ठोकलं, ऐकलं, पुन्हा ठोकलं.

"देतंय का?" त्याने विचारलं.

"नाही. अजून एक वर्ष."

टोळीत नव्याने आलेला एकजण हसून म्हणाला, "काका, तुमचा हात आहे, एक घाव घालून तर बघा."

कुश्तोदियूने कुऱ्हाड खाली घेतली. "मुकादम नाही म्हणाली ना," तो म्हणाला, आणि पुढच्या झाडाकडे चालू लागला.