हेलनबाईंना दिलेला होकार

शेवंतीची तोडणी चालू होती तेव्हा फोनवर मेसेज आला. हात ओले होते, म्हणून तो मी तासाभरानं वाचला. हेलनबाई गेल्या होत्या. आयर्लंडमधल्या त्यांच्या भाचीनं लिहिलं होतं, शेवटच्या आठवड्यात मावशी तुमच्या गावाबद्दलच बोलत होती. मी बांधावर बसले, पण रडू काही येईना... आज दीड महिना झाला, अजून आलेलं नाही. माणसाला स्वतःची लाज वाटत असली की रडूसुद्धा येत नाही, हे मला आता कळलंय.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, कारेगावच्या कंपन्यांपासून फार लांब नाही. सात वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी संस्थेनं हेलनबाईंना इथं मुलींना इंग्रजी शिकवायला पाठवलं. साठी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांची सोय आमच्या घरी झाली, कारण गावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून मी एकटीच. बोलायच्या आधी मला घाम फुटायचा, पण वासरात लंगडी गाय शहाणी! शाळा सुटली की आमच्या फुलांच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. बाईंची एक सवय गावभर माहीत झाली होती. दार सताड उघडं असलं तरी त्या उंबऱ्याबाहेर थांबायच्या आणि विचारायच्या, "मे आय कम इन?" आमच्याकडे माणसं बोलत बोलत थेट चुलीपर्यंत येतात. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आधी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग स्वतःच "कम इन" म्हणायला शिकल्या.

वर्गात सारिका होती, दहावीतली. घरची मेंढरं आजोबांच्या काळातच विकलेली, वडील सोपानमामा आता कांदा करायचे. बाईंच्या वडिलांचीही मेंढरं होती, त्यामुळे दोघींचं लगेच जमलं. पोरगी हुशार, आणि भीड कशाचीच नाही. हिनं शिकून शिक्षिका व्हायचं, असं बाईंनी मनावर घेतलं. मायदेशी निघायच्या आदल्या दिवशी त्या मला घेऊन सोपानमामांकडे गेल्या. हिला अकरावीला शिरूरला पाठवाल ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी विचारलं.

मामांनी टोपी सारखी केली. "पाठवू की. बाई एवढ्या लांबनं आल्यात, त्यांच्या शब्दाभायेर हाय का आम्ही?"

यातलं खरं मला तिथल्या तिथं कळलं. आमच्याकडे पाहुण्याला, त्यातून निघालेल्या पाहुण्याला, तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याचं मन राखायचं, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. ऐकणाऱ्यानंही तेवढ्यावर काय ते ओळखायचं असतं. बाईंना कुठून ओळखता येणार? ते सांगायलाच तर मी सोबत होते. मी फक्त म्हणाले, "ते हो म्हणतायत." बाईंनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते त्यांचे.

सारिका अकरावीला गेली नाही. दोन वर्षं कांद्यात राबली आणि अठरा पूर्ण झाली त्याच उन्हाळ्यात तिला दौंडकडे दिली. बाई महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायच्या, पहिला प्रश्न तिचाच. "कॉलेजला जाते," मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा वाटलं, एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय. पण मग दरवर्षी तिला पास करावं लागलं. बारावी झाली, बी.ए. झालं, बी.एड.ला नंबर लागला. एवढ्या सगळ्या परीक्षा माझ्या जिभेनंच दिल्या. गेल्या हिवाळ्यात बाई म्हणाल्या, "मी येते. ती वर्गात उभी राहून शिकवताना मला एकदा बघायचंय. डॉक्टर म्हणतात, जायचं तर याच वर्षी जा."

मी म्हणाले, "आता नको, तिची परीक्षा आहे. पुढच्या वर्षी या."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच... पाहुण्याला नाही म्हणू नये म्हणून सुरू झालेल्या या सगळ्यात शेवटी नाही म्हणणारी मीच निघाले.

मागच्या आठवड्यात सारिका माहेरी आली होती. कडेवर पोर. दार उघडं असूनही उंबऱ्याबाहेर थांबली. "मे आय कम इन, वैनी?" बाईंच्या वर्गातलं तिच्याकडे एवढंच उरलंय. मी सगळं सांगून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं, चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. पोराचं नाक पुसत ती हळूच म्हणाली, "मी शिकले न्हाई, म्हंजी मला भेटायचंबी न्हाई, आसं तुमी का ठरवलं? आल्या आसत्या तर भाकरी करून घातली आसती त्यान्ला."

आत्यांना आता फारसं दिसत नाही. बाई गेल्याचं मी त्यांना दोनदा सांगितलंय. तरी वाऱ्यानं दाराची कडी वाजली की त्या आतून म्हणतात, "कम इन." मी हातातलं काम टाकून दाराकडे बघते. कडीला एक चिंधी बांधली की ती वाजायची थांबेल. चिंधी दारामागच्या खिळ्याला कधीची लटकतेय, माझा हात काही होत नाही.