घाबरणारा झेप्या

आमचे हे लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहेत. कुणाकडे जायला कुठल्याही इमारतीत शिरलो की मी त्यांच्या नावाची पाटी शोधते आणि हे लिफ्टच्या दाराशी कान देऊन उभे राहतात. "तेल घातलेलं नाही हिला," असं म्हणून झालं की मगच वर जायचं. कामावर यांचा दबदबा आहे. उंच इमारतीत, लिफ्ट वर-खाली होते त्या पोकळीत, तिच्या टपावर उभं राहून काम करायचं असलं की यांनाच बोलावतात. "साहेबांना भीती माहीत नाही," असं यांच्या हाताखालचे दोघे जोडीदार जाईल तिथे सांगत असतात, आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

याच माणसाच्या कपाटात एका खणात शर्ट आणि उरलेल्या सगळ्या खणांत झेप्या आहे.

झेप्या हा चित्रकथांमधला वीर. करडा रेनकोट घालून या गच्चीवरून त्या गच्चीवर झेप घेतो आणि पडणाऱ्या माणसांना झेलतो. लग्न झाल्यावर हे खूळ उतरेल असं मला वाटलं होतं. उलट त्याच्यावर सिनेमे निघाले आणि आगीत तेल पडलं. सवत परवडली असती हो, तिचं निदान वय झालं असतं!

झेप्याला मानणाऱ्यांची मंडळी दर रविवारी वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जमते. मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर. विषय कायमचा एकच, खरा झेप्या कुठला? पुस्तकातला, पहिल्या सिनेमातला की नंतरच्या मालिकेतला? आवाज इतके चढायचे की खालचे वाचक तक्रार घेऊन वर यायचे. शेवटी ग्रंथपाल बाईंनी एक नियम घातला. वर्षातून एकदा मोठी सभा घ्यायची आणि त्या दिवशी ज्याला जो झेप्या आवडत नाही, त्याने त्याचीच बाजू मांडायची. तीही मनापासून. टवाळी केली की बाई खाली बसवणार. या नियमाने मंडळी टिकली, नाहीतर कधीच डोकी फुटली असती.

या मंडळीत यांचा जिवलग म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. शाळेपासूनची दोस्ती. मी त्यांना चष्मेवाले भाऊजी म्हणते. दोघांनी मिळून झेप्याचा पहिला अंक वाचला होता, एकाने पान धरायचं आणि दुसऱ्याने उलटायचं.

मग झेप्याचा नवा सिनेमा आला. त्यातला झेप्या झेप घेण्याआधी घाबरून गच्चीचा कठडा घट्ट धरतो. खाली बघतो. आणि मग उडी मारतो. पहिल्या सिनेमातला झेप्या कधी खालीच बघत नसे, त्यामुळे हे असे संतापले की विचारू नका. थिएटरच्या पायऱ्यांवर भाऊजी डोळे पुसत बाहेर आले, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "रडतोयस काय? पुढच्या भागात तुझ्या झेप्याला पाळणाघरात सोडून येऊ." मंडळी खो खो हसली. भाऊजी हसले नाहीत. "तुला रेनकोट कळतो रे, आतला माणूस कळत नाही," एवढंच बोलून ते निघून गेले.

तेव्हापासून अबोला. हे कामावर जाताना चष्म्याच्या दुकानावरून जायचं टाळून मुद्दाम वाकड्या वाटेने जाऊ लागले. रविवारी दोघे खोलीच्या दोन टोकांना बसत. वर्षाची मोठी सभा जवळ आली तेव्हा भाऊजींनी ग्रंथपाल बाईंच्या तोंडी निरोप पाठवला. आता नियमाप्रमाणे यांना नव्या झेप्याची बाजू मांडायची आहे. यांनी पुन्हा थट्टा केली, तर भाऊजी त्या खोलीत परत पाऊल टाकणार नाहीत. यांच्याशी संबंध संपला.

निरोप ऐकून यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी मिळेल तेव्हा हे दुपारच्या खेळाला जाऊन तोच सिनेमा बघू लागले.

"अहो, शिव्या घालायला इतक्या वेळा बघावा लागतो का?" मी विचारलं.

"शिव्या घालायच्या असत्या तर एकदा पुरला असता," हे म्हणाले. "त्याला आवडलाय म्हणजे काहीतरी असणार गं. मला दिसत कसं नाही?"

एके दिवशी हे सिनेमाहून आले आणि बसून राहिले. चहा गार झाला तरी कप हातातच. काय झालं विचारलं तर म्हणाले, "दिसलं." आणि उठून बूट पुसायला बसले. माझा जीव टांगणीला लागला, म्हणून सभेला मीही गेले. खोली गच्च भरलेली होती. पाहते तर यांचे कामावरचे ते दोघे जोडीदारही हजर, साहेबांचं भाषण ऐकायला! भाऊजी समोरच्याच रांगेत, हाताची घडी घालून.

हे उभे राहिले. कागद नाही, काही नाही.

"नवा झेप्या कठडा धरतो, त्याचा मला राग आला," हे म्हणाले. "का आला ते सांगतो. लिफ्टचं दार उघडलं की समोर काळी पोकळी असते. लाल बटण दाबून लिफ्ट थांबवायची आणि मग टपावर पाय टाकायचा. तो पाय टाकण्याआधी माझी मूठ चौकटीवर आवळते. मला भीती वाटते. पहिल्या दिवशी वाटली होती, काल सकाळीही वाटली होती. मी बूट घट्ट करायचं निमित्त करतो, म्हणून कुणाला कळत नाही. घरीही माहीत नाही." इथे यांनी माझ्याकडे पाहिलं. "जुना झेप्या मला आवडतो, कारण तो माझ्यासारखा नाही. या नव्याने माझी गोष्ट चारचौघांत फोडली. पण घाबरूनही तो रोज उडी मारतो. ज्याला हे आधी दिसलं त्याला मी हसलो. माझं चुकलं."

ते दोघे जोडीदार डोळे विस्फारून साहेबांकडे बघत होते. आणि मी? टपावर चढण्याचं कौतुक मी कितीदा ऐकलं होतं, पण यांचा खरा अभिमान मला त्या क्षणी वाटला. स्वतःचा दबदबा स्वतःच्या हाताने खाली ठेवायला छाती लागते.

आता पाळी भाऊजींची, जुन्या झेप्याच्या बाजूने बोलायची. ते उठले, खाकरले आणि म्हणाले, "मला काही बोलायचं नाही. जिंकला हा."

"जिंकला-बिंकला काही नाही!" हे गरजले. "नियम आहे. बोल."

इतक्या महिन्यांनी भाऊजींना उद्देशून यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जुना झेप्या खाली बघत नाही," ते सावकाश म्हणाले. "त्याला भीतीच नाही असं मला वाटायचं, म्हणून तो मला खोटा वाटायचा. पण मागे माणसं उभी असतात ना? त्यांचा धीर सुटू नये म्हणून तो बघत नसेल. म्हणून तो बूट घट्ट करत असेल."

"बूट? हे कुठल्या अंकात आहे?" हे म्हणाले.

"अंकात नाही, गाढवा. माझ्यासमोर उभं आहे."

टाळ्या थांबेनात. मग कुणाला कुठला झेप्या खरा वाटतो त्यासाठी बाईंनी हात वर करायला सांगितलं, तर या दोघांची मतं होती तिथेच! यांचा हात जुन्या झेप्याला, भाऊजींचा नव्याला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

निघताना मी लिफ्टचं बटण दाबलं. भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून हे जिन्याकडे वळले होते.

"तू ये लिफ्टने," हे मला म्हणाले. "आम्ही पायऱ्यांनी येतो. लिफ्ट फार लवकर खाली पोचते, आमचं पुष्कळ बोलायचं राहिलंय."