व्याही बेपत्ता

सेवेतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण निवृत्तीनंतर, माझ्या हद्दीच्या फार फार बाहेर, अंगावर खाकीऐवजी जावयांनी घेतलेली फुलाफुलांची बर्म्युडा असताना केलेला एक तपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. नाव कुणाचंच देत नाही. सगळी घरचीच माणसं आहेत.

मुलगी अमेरिकेत एडिसनला राहते. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे होतो आणि तिचे सासू-सासरेही तिथंच होते. एका रविवारी जावयांच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींनी जवळच्या मोठ्या सार्वजनिक पार्कात पिकनिक ठेवली. तळं, हिरवळ, लाकडी टेबलं आणि सगळीकडे आपलीच माणसं. एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मधे आम्ही. कोळशावर कणसं भाजली जात होती. मी खुर्चीत बसून गर्दीवर नजर ठेवून होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सवयच तशी.

एवढी नजर ठेवूनही माझे व्याही माझ्या शेजारच्या खुर्चीतून कधी उठून गेले, ते मला कळलं नाही.

व्याह्यांना सगळे अण्णा म्हणतात. साखर कारखान्यात केमिस्ट होते. गवतावरही पँटची इस्त्री मोडणार नाही असे बसणारे. मधुमेह आहे. इंग्रजी वाचतात, पण बोलायची सवय नाही. जेवायच्या वेळी त्यांची शोधाशोध सुरू झाली, तर त्यांचा फोन टेबलावरच सापडला.

"पार्किंगमध्ये नाहीत, रेस्टरूममध्ये नाहीत," जावई धापा टाकत आले.

"मी नाइन वन वनला कॉल करते," मुलगी म्हणाली.

"अगं थांब, माझा मॅनेजर आलाय इथं. कॉप्स आले की सगळा तमाशा होईल."

"मॅनेजर महत्त्वाचा की अण्णा?"

मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." आणि बर्म्युडा सावरून उठलो.

माणूस बेपत्ता झाला की आधी घरात काही वाजलं होतं का, ते बघायचं. म्हणजे उलटतपासणी जावयांची. सेवेत माझी सुरुवात 'काय रे' अशी व्हायची. इथं "जावईबापू, राग मानू नका, पण" इथून सुरुवात करावी लागली.

जावयांनी मान खाली घातली. "सकाळी जरा बोललो त्यांना. पहाटे उठून पँट धुतली आणि डेकच्या रेलिंगवर वाळत घातली. घरात वॉशर आहे, ड्रायर आहे. इथं शेजारी कम्प्लेंट करतात हो. म्हटलं, अण्णा, किती वेळा सांगायचं?"

मला धागा मिळाला. अपमान झाला, माणूस रागानं निघाला. रागावलेला माणूस मोठ्या रस्त्याकडे जातो. मी जावयांना रस्त्याकडे पिटाळलं.

तेवढ्यात कणसं भाजणारा एक नागपूरकर म्हणाला, "अण्णा ना? ते तर तिकडं तळ्याकडे गेले ना यार." मग दचकून, "सॉरी काका. हातात पाण्याची मोठी बॉटल होती त्यांच्या. मला वाटलं वॉकला चाललेत."

रागानं निघालेला माणूस पाणी भरून घेत नाही. माझा सिद्धांत कणसांच्या धुरात गेला.

मी विहीणबाईंकडे वळलो. "काही बोलले का ते जाताना? तब्येत बरी होती ना?"

"नाही हो, तसं काही नाही," त्या गवताकडे बघत म्हणाल्या.

हे 'तसं काही नाही' मी हजारदा ऐकलेलं आहे. आहे, पण तुम्हाला सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. ठाण्यात अशा वेळी आपण उठायचं आणि महिला अंमलदाराला बसवायचं. माझी महिला अंमलदार त्या वेळी काकडी चिरत होती. मी तिला खुणावलं.

मला जे जमलं नाही, ते तिनं काकडी संपायच्या आत काढलं. साखरेच्या नव्या गोळ्यांनी अण्णांचं पोट बिघडलं होतं. त्यांना यायचंच नव्हतं, पण मुलाचा हिरमोड नको म्हणून आले. रेस्टरूमला रांग, आत पाणी नाही, नुसता कागद.

"सकाळची पँट त्यांनी स्वतः का धुतली, आलं का आता लक्षात? तपास म्हणे," सौ. म्हणाली. तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. "एकटेच जा. आणि पोलिसासारखं बोलू नका."

तळ्याच्या टोकाला दाट झुडपं होती. आतून आवाज आला, "साहेब, तिथंच थांबा."

"थांबलो."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही. टॉवेल ठेवतो."

बऱ्याच वेळानं ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले. धुतलेली पँट फांदीवर ठिबकत होती. "उशीर झाला मला," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मुलाचा साहेब बसलाय तिथं. ओली पँट बघून चार लोक काय समजायचं ते समजतील. तुम्ही जा. मी अंधार पडला की येतो."

मी आयुष्यभर पुरावे गोळा केले. एखादा पुरावा लपवता येत नसेल तर त्याच्याभोवती आणखी पुरावे टाकायचे, हे मी आरोपींकडून शिकलो होतो. म्हटलं, "पँट घाला. दोघंही ओले जाऊ."

गुडघ्यापर्यंत भिजावं एवढाच बेत होता. पण काठाला शेवाळ आणि त्यावर बदकांची घाण. माझा पाय सरकला आणि मी फतकल मारून पाण्यात बसलो. उठता येईना. अण्णा तसेच पाण्यात उतरले आणि त्यांनी मला काखेत हात घालून खरोखरच ओढून काढलं.

आम्ही चिखल गाळत टेबलापाशी पोचलो, तेव्हा मुलीच्या कानाला फोन लागलेला होता. मी जबाब दिला, "बदकांचा फोटो काढताना मी पडलो. अण्णांनी वाचवलं."

मुलीनं फोन ठेवला. "बाबा, स्लिपरी म्हणून एवढा मोठा बोर्ड आहे तिथं."

"अण्णा, तुम्हाला पोहता तरी येतं का?" रस्त्यावरून परतलेल्या जावयांनी विचारलं.

अण्णा केमिस्ट. खोटं माप त्यांच्या तोंडून निघेना. "पाणी गुडघाभरच होतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेबांना तेवढं पुरलं."

सगळे हसले. मॅनेजर सगळ्यांत जोरात. कुणी अण्णांना कोरडी पँट दिली, कुणी चहा. मला कुणी काही विचारलं नाही. गुडघाभर पाण्यात बुडालेले निवृत्त पोलीस अधिकारी ही माझी ओळख एडिसनमध्ये अजून टिकून आहे. गोळ्या मात्र त्याच आठवड्यात बदलल्या. ते काम विहीणबाईंनी केलं.

सत्य सापडलं की ते कागदावर आणायचं, असं मी नोकरीभर मानलं. त्या दिवशी कळलं की काही सत्यं तपास करणाऱ्याची नसतात. ज्याची असतात, त्यालाच ती उघडू द्यावीत.

म्हणून हे लिहिण्याआधी मी अण्णांना फोन केला.

"लिहा," ते म्हणाले. "नाव घालू नका."

"जावई वाचतील. त्यांना कळेल."

 

"त्यालाही साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यात आता," अण्णा म्हणाले. "परवा फोनवर पोट बरं नाही म्हणाला आणि लगेच विषय बदलला. वाचू दे त्याला."