हसून सांगितलेली गोष्ट

वुथीच्या टुकटुकच्या मागच्या बाकावर ती निळी बॅग सकाळपासून बसून होती. चांगली माणसाएवढी. तिच्या पट्ट्याला एक ओला टॉवेल आणि चिखलाने माखलेले बूट लटकत होते. बॅगेचा मालक, परदेशी पाहुणा लेनार्ट, राजवाडा बघायला आत गेला होता. अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत, म्हणून दारावरच्या बाईकडून त्याने लुंगी विकत घेतली, ती उलटी गुंडाळली आणि हात हलवत तो दिसेनासा झाला. संध्याकाळच्या बसने तो नॉमपेन सोडणार होता. तोवर सगळं शहर बघून घ्यायचं होतं त्याला.

समोर नदीवरून गरम वारा येत होता. कबुतरं दाण्यांवर तुटून पडत होती. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, आई कालपासून पेज घेत नाहीये," चांथू म्हणाली. "तसं विशेष काही नाही. पण आज संध्याकाळपर्यंत ये." आणि ती हसली.

 ती रडली असती तर वुथीला एवढी भीती वाटली नसती.

हे हसणं त्यांच्या आईचं होतं. ती नदीपलीकडे, आरेइक्सातच्या धक्क्यावर कमळाच्या बिया विकायची. त्यांचे वडील गेले, त्याच्या चौथ्या दिवशी ती टोपली घेऊन धक्क्यावर बसली होती. फेरीबोटीच्या नावाड्याने विचारलं, "नवरा कुठाय गं तुझा, दिसला नाही?" ती बिया मोजून देता देता हसून म्हणाली, "गेला हो तो. जाळलासुद्धा." नावाडी बिया हातात धरून नुसता उभा राहिला. घरी आल्यावर तिने मुलांना सांगितलं, "दुःख सांगायचीच वेळ आली तर हसून सांगावं. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ओझं टाकू नये." वुथी तेव्हा लहान होता. पण शिकला तो कायमचा.

"काय रे, तोंड का असं?" शेजारच्या टुकटुकमधून सावूनने विचारलं. तो त्याच्याच वयाचा, झुलत्या कापडी झोळीत आडवा पडला होता. "पाहुण्याने राजाचा घरजावई व्हायचं ठरवलं का?"

"आईचं काही खरं नाही."

सावून उठून बसला. "मग इथे काय करतोयस? जा. तुझा गोरा मी फिरवतो."

"बॅग आहे त्याची."

सावूनने बॅगेकडे पाहिलं. राजवाड्यासमोरच्या चालकांचा हा नियम होता. पाहुण्याची बॅग ज्याच्या गाडीत, त्याने पाहुणा परत येईतो जागा सोडायची नाही. एकदा एका पोरीची बॅग अशीच 'जरा बघ हं' म्हणून दुसऱ्याकडे दिली गेली आणि नाहीशी झाली. त्यानंतर कितीतरी दिवस गेस्टहाऊसवाले त्यांच्यातल्या कुणाला दारात उभं करेनात.

"तो आला की विचारतो," वुथी म्हणाला.

तो थांबला. आत जाऊन शोधावं, तर एवढी बॅग घेऊन आत सोडणार नाहीत. आणि बॅग सोडून जाता येत नाही. चैत्रातल्या नववर्षाचं त्याला आठवत राहिलं. सणाला लेकरं आईबापांना आंघोळ घालतात. डोक्यावरून फुलांचं पाणी ओततात, पाय धुतात, आणि वर्षभरात जे बोललो, जे वागलो, त्याची क्षमा मागतात. यंदा तो गेला नव्हता. सणात अर्धे चालक गावी जातात, शहरात पाहुणे गाड्या शोधत फिरतात. फोनवर आई म्हणाली होती, "राहू दे रे. पाणी कुठे पळून जातंय?"

लेनार्ट आला तो घामाने निथळत आणि खुशीत. "फार सुंदर! आता टेकडीवरचं देऊळ. मग बाजार. मग बस."

"माझा मित्र," वुथीने सावूनकडे बोट केलं. इंग्रजी त्याला पाहुण्यांनीच शिकवलं होतं, तेवढंच होतं. "तो नेणार. चांगला माणूस. मी घरी."

लेनार्टने सावूनकडे पाहिलं, मग बॅगेकडे. "नको, नको. मला तूच हवास. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

वुथीने मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ये, असं म्हणाली होती चांथू. संध्याकाळ अजून दूर होती.

टेकडीच्या पायथ्याशी दुसरा फोन आला. या वेळी चांथू हसली नाही. "विहारातले आचार्य आलेत. कानात नामस्मरण सुरू केलंय. ती दाराकडे बघतेय, दादा. कुणाचंही पाऊल वाजलं की बघतेय."

लेनार्ट पायऱ्या उतरून येईपर्यंत वुथीने वाक्य जुळवून ठेवलं. मग त्याच्यासमोर उभा राहिला. ताठ. आणि शिकवल्यासारखा हसला.

"सर, माझी आई," तो म्हणाला, "आज मरते. मी जायला पाहिजे." बोलताना हसू आणखी रुंद झालं. ते त्याच्या हातात नव्हतं.

लेनार्ट क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसला. गेस्टहाऊसमध्ये उतरलेले सगळे एकमेकांना सांगत, टुकटुकवाल्यांची आई रोज आजारी असते, भाऊ रोज दवाखान्यात असतो. ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

"चांगला प्रयत्न होता!" त्याने वुथीच्या पाठीवर थाप मारली. "मला सांगितलं होतं लोकांनी. चल, बाजार. थोडे जास्त देईन मी."

वुथीला तेव्हा रडता आलं असतं, तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. त्याने प्रयत्नही केला. पण परक्या पोराच्या सहलीत, भर रस्त्यात, त्याच्या तोंडावर आपल्या घरचं मरण टाकायचं कसं? तोंड उघडलं आणि हसूच बाहेर आलं. मग त्याने गाडी सुरू केली.

बाजारासमोर उन्हात तो बॅगेशेजारी बसला होता. शेजारी बर्फ फोडणारा माणूस लाकडी दांड्याने लाद्या फोडत होता. फोन वाजला.

"मी फोन तिच्या कानाला लावते," चांथू म्हणाली. "क्षमा माग, दादा. आचार्य म्हणतात, आता मागून घे. तिचा जीव अडकलाय."

तिकडे आचार्यांचा एकसुरी आवाज येत होता. आणि श्वास. करवत चालल्यासारखा.

वुथीने चपला काढल्या. फोन कान आणि खांद्यात धरून हात जोडले. शब्द त्याला पाठ होते. दरवर्षी म्हटलेले. पण शब्द ओठावर आले आणि तो थांबला. ही क्षमा मागून झाली की माणूस मोकळं होतं. मग ते जातं. आपणच दार उघडून द्यायचं?

"आई," तो म्हणाला. "मी येतोय. थांब. मी येऊन घालतो पाणी. तू थांब फक्त."

फोनमध्ये बराच वेळ करवत चालत राहिली.

"दादा," चांथूचा आवाज आला, "असं नको ना रे. त्रास होतोय तिला."

"निघालोच," तो म्हणाला.

लेनार्ट हातात पिशव्या घेऊन आला, तेव्हा वुथीने त्याच्याकडे पाहिलं नाही. टुकटुक बसथांब्याकडे पळवली. सिग्नल तोडले. एका भाजीवालीने आईवरून शिवी घातली. मागे लेनार्टला मजा वाटली, तो ओरडला, "मस्त!"

बसथांब्यावर लेनार्टने बॅग पाठीवर चढवली. भाडं दिलं, त्यावर थोडं दिलं. मग काहीतरी सुचल्यासारखं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि डोळा मारत वुथीच्या हातात ठेवला. "तुझ्या आईला."

वुथीने तो दोन्ही हातांनी घेतला. मान लववली. अशीच रीत आहे.

फेरीबोटीवर टुकटुक चढवायला जागा नव्हती. तो गाडी धक्क्यावर तशीच सोडून उडी मारून चढला. बोट मोटारसायकलींनी आणि शाळेच्या पोरांनी भरली होती. मेकाँगच्या मध्यावर त्याने चांथूला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने उचलला आणि म्हणाली, "सावकाश ये, दादा. घाई नाही." आणि हसली.

त्याने बोटीचा कठडा धरला. पलीकडचा धक्का हळूहळू मोठा होत होता.

खांबांवर उभ्या लाकडी घरात आईला चटईवर निजवलं होतं. आचार्य भिंतीला टेकून पाणी पीत होते. चांथू दारात आली.

"थांबली होती रे," ती म्हणाली. "तू थांब म्हणालास म्हणून थांबली. दुपारभर. आचार्य म्हणाले, जा बाई आता, तरी दाराकडेच. मग मीच तुझ्या नावाने मागितली क्षमा. खोटा आवाज काढला. तिने डोळे मिटले."

वुथी चटईशी गुडघ्यांवर बसला. तीनदा डोकं टेकवलं. चांथूने फुलं टाकलेलं पाणी आणून ठेवलं. मृताला आंघोळ घालायची वेळ झाली होती. त्याने वाटी भरली, आईच्या कपाळावर, केसांवर, पायांवर ओतली. पाणी तिच्या अंगावर थांबत नव्हतं. चटईवरून वाहून फळ्यांच्या फटींतून खाली कोंबड्यांच्या अंगावर पडत होतं. तो वाटी भरत राहिला.

शेवटी आचार्यांनी त्याचा हात धरला. "पुरे, बाळा."

चांथूला कोपऱ्यात डबा दिसला. "हे काय आणलंस?"

"पाहुण्याने दिलंय. आईसाठी."

चांथूने डबा दोन्ही हातांनी उचलला, गळ्यातल्या फडक्याने पुसला आणि आईच्या उशाशी, भात आणि केळ्यांजवळ ठेवला. "भला माणूस दिसतो," ती म्हणाली. "त्याला सांगितलंस ना, आई जातेय म्हणून? काय म्हणाला?"

वुथीने बहिणीकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि हसला.

चांथूने ते हसू पाहिलं आणि त्याच्याशेजारी खाली बसली. मग ती मोठ्याने रडू लागली. दोघांच्याही वाटचं.